चार-दहाची हजेरी

१

दोन हजार आठशे शहाऐंशी.

मिस्त्रींनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि पुन्हा वाचलं. तोच आकडा. मग वही उघडून वरची ओळ वाचली. गेल्या सोमवारी होते तीन हजार सव्वीस. म्हणजे आठवड्यात एकशे चाळीस फोटो गेले होते.

फोन बायकोचा होता. ती जाऊन वर्ष उलटलं होतं, पण फोन अजून तिच्याच जागेवर, शिलाई मशीनच्या फळीवर, चार्ज होत पडलेला असायचा. रोज सकाळी चहा झाला की मिस्त्री तो उघडून तिच्या खात्यातले फोटो बघत. सगळे नाही, ठरलेले आठच. पहिला घराच्या जिन्यातला, शेवटचा मशीनवर मान वळवून बघणारा. आठ झाले की फोन जागेवर ठेवत.

आकडा लिहायची सवय लिफ्टच्या कामातली. चाळीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. यंत्रखोलीत शिरलं की आधी फेऱ्यांचा आकडा वहीत उतरवायचा, मगच पाना हातात घ्यायचा. काम सुटलं, पण हात सुटला नाही. दर सोमवारी फोटोंच्या खाली जो आकडा दिसे, तो ते लिहून ठेवत. लिहीत मात्र फक्त. वाचत कधीच नसत. आज कशी कोण जाणे, नजर वरच्या ओळीवर गेली आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली.

आठ फोटो तर जागच्या जागी होते. मग गेलं काय? घरात चोरी झाली होती आणि काय चोरीला गेलं हे घरमालकालाच सांगता येत नव्हतं.

त्यांनी फोनवर खात्याच्या हालचालींची नोंद उघडली. कालच्या तारखेपुढे एकच ओळ होती.

‘तुम्ही २० फोटो काढून टाकले.’

खातं तिचं होतं. ‘तुम्ही’ म्हणजे ती.

२

खालच्या मजल्यावर टाइमकीपरबाई राहत. सुताच्या कारखान्याच्या फाटकावर चौतीस वर्षं त्या हजेरीच्या घड्याळापाशी बसल्या होत्या. मित्राचं कार्ड आपण मारणारे, उशिरा येऊन लवकरचा शिक्का उमटवणारे, असे किती जण त्यांनी पकडले याची गणती नव्हती. कारखान्यात त्यांना लोक घाबरायचे. इमारतीत मात्र नुसतेच वैतागायचे.

“मिस्त्री, बाही केवढी लांब ही!” दार उघडताच बाई म्हणाल्या. “हात आत बुडालाय की नुसताच लोंबतोय?”

मिस्त्रींनी बाही दुमडली. वर्षभर ते तयार सदरे घालत होते. बायको गेल्यावर तिची मापांची वही घेऊन ते एका शिंप्याकडे गेले होते. वहीत सगळ्या गल्लीची मापं होती, परगावी गेलेल्यांचीसुद्धा. फक्त नवऱ्याचं माप नव्हतं. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत त्यांनी दोनदा शोधलं होतं. शेवटच्या पानावर खात्याचा पासवर्ड तेवढा लिहिलेला सापडला. आपलंच माप नसणं त्यांना लागलं होतं आणि ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

फोटोंची हकीकत ऐकून बाईंनी फोनकडे बघितलंसुद्धा नाही. आकड्यांची वही मागितली आणि बोटाने उलट्या दिशेने वाचत गेल्या.

“एकशे चाळीस. त्याआधी एकशे चाळीस. त्याआधीही तेवढेच. त्याआधी शंभर. त्याआधी महिनोन्‌महिने एकच आकडा, तीन हजार चारशे सहा. अहो, हे चार आठवडे चाललंय! तुम्ही लिहिता आणि वाचत नाही?”

“लिहायची सवय आहे.”

“छान. आमच्याकडे एक साहेब होते, ते सही करायचे आणि वाचायचे नाहीत. पुढे त्यांनी स्वतःच्याच बदलीच्या कागदावर सही केली.” बाई हसल्या नाहीत. “आठवड्याला एकशे चाळीस म्हणजे रोज वीस. पहिल्या आठवड्यात शंभर, म्हणजे पाचच दिवस. सुरुवात बुधवारी. तारीख कोणती ती?”

मिस्त्रींनी पान बघितलं. “सतरा.”

“पासवर्ड कुणाकुणाला ठाऊक आहे?”

“तिच्या मापांच्या वहीत लिहिलाय, ती मशीनवरच असायची. मुलाला ठाऊक. मेहुणीला ठाऊक. आणि दोन महिन्यांपूर्वी फोनची काच बदलायला दिली होती, तेव्हा दुकानवाल्याला मी चिठ्ठीवर लिहून दिला होता.”

“मग पत्र्यावर लिहून चौकात का नाही टांगलात?”

मुलगा दुसऱ्या शहरात नकाशे काढायच्या कचेरीत होता. त्याला फोन केला. तो एकेक पायरी सांगत गेला. नवा पासवर्ड ठेवा, बाकी सगळ्या यंत्रांवरून खातं बाहेर काढा. बाईंनी स्वतः सगळं दाबलं आणि नवा पासवर्ड कुठेही लिहिला नाही.

“आता चोर बाहेर,” मिस्त्री म्हणाले.

मंगळवारी सकाळी आकडा होता दोन हजार आठशे सहासष्ट.

३

“काका, मी काच बदलली. आत डोकावलो नाही.” फोनदुरुस्तीवाल्याने हातातला चिमटा खाली ठेवला. टेबलावर उघडे फोन मासळीसारखे ओळीने मांडले होते. “आणि मला लोकांचे फोटो बघायला वेळ आहे का? माझ्या बायकोचे बघत नाही म्हणून ती रुसून बसते.”

“पण पासवर्ड तुझ्याकडे होता.”

“तो काल बदललात ना? मला नवा ठाऊक नाही, आणि फोटो तर कालही गेले. मग?”

बाई पुढे झाल्या. “फोन हातात आला तेव्हा काही वेगळं वाटलं होतं?”

तो विचारात पडला. “एक होतं. जागा भरपूर मोकळी होती. इतका जुना फोन गच्च भरलेला असतो. मी तेव्हाच म्हटलं, काकूंनी फोन फार छान आवरून ठेवला होता.”

बाहेर आल्यावर मिस्त्री म्हणाले, “खोटं बोलतोय. तिने कधी एक फोटो काढून टाकला नाही. चिंधीसुद्धा टाकायची नाही ती. रुग्णालयात होती तेव्हा फोन भरला भरला म्हणून ओरडत असायचा.”

“भरलेला फोन रिकामा झाला,” बाई म्हणाल्या. “म्हणजे तो खोटं बोलत नसेल, तर मधे कुणीतरी आवराआवर केली.”

दुपारी साडेतीनला दोघं मिस्त्रींच्या घरी बसली. फोन टेबलाच्या मधोमध ठेवला. बाईंनी शेजारी आपलं जुनं मनगटी घड्याळ ठेवलं. दाराला आतून कडी होती. कुणी हात लावायचा नाही असं ठरलं.

पावणेचार झाले. चार झाले. आकडा दोन हजार आठशे सहासष्टच होता.

“आज सुट्टी घेतली वाटतं चोराने,” मिस्त्री म्हणाले.

बाईंनी बोट वर केलं. घड्याळाचा काटा चार-दहावर आला. फोन तसाच पडलेला होता. कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घेतला नव्हता. आणि काल शहाऐंशीचं जे सहासष्ट झालं होतं, त्या सहासष्टचं त्यांच्या डोळ्यांदेखत सेहेचाळीस झालं.

मिस्त्री खुर्चीवरून उठले ते भिंतीला पाठ लागेपर्यंत मागे गेले.

४

“माणूस नाही हा,” बाई म्हणाल्या.

“म्हणजे?” मिस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

“तसलं काही नाही हो. बसा. हालचालींच्या नोंदीत वेळ लिहिलीय बघा. काल चार-दहा, परवा चार-दहा, सत्तावीस दिवस चार-दहा. चौतीस वर्षांत मी एकही माणूस रोज त्याच मिनिटाला आलेला बघितला नाही. कुणाची सायकल बिघडते, कुणाचं पोट. रोज त्याच मिनिटाला येतं ते यंत्र. आणि ते वहिनींच्या नावाने हजेरी लावतंय. कार्ड त्यांचं, हात दुसऱ्याचा.”

“पण पासवर्ड बदलला की.”

“पासवर्ड फाटकावर विचारतात. याला कुणीतरी आतच नेमून ठेवलंय. फाटकाचं कुलूप बदललं तरी आतला माणूस आतच राहतो. प्रश्न एवढाच, की नेमलं कुणी.”

बुधवारी मिस्त्री मेहुणीकडे गेले. एकटेच. वर्षभर दोघांत बोलणं नव्हतं. रुग्णालयात डॉक्टर बदलायचा की नाही यावरून जिन्यात कडाक्याचं भांडण झालं होतं, आणि ज्याच्यासाठी भांडण होतं तेच माणूस निघून गेल्यावर ते मिटवायचं कसं हे दोघांनाही कळलं नव्हतं.

मेहुणीचं कपडे धुण्या-इस्त्रीचं दुकान होतं. वाफेत ती चादर दाबत होती. मिस्त्रींना बघून तिने इस्त्री उभी केली.

“भाऊजी?”

“तिच्या खात्यातले फोटो जातायत. तुला काही ठाऊक आहे?”

तिचा चेहरा उतरला. “म्हणजे तुम्ही नाही काढत?”

“मी कशाला काढू?”

“मला वाटलं रागाने काढताय. रुग्णालयातले. खिडकीपाशी बसलेली ताई, चष्म्याशिवायची. तो फोटो गेल्या आठवड्यापर्यंत होता.”

मिस्त्रींनी रुग्णालयातले फोटो एकदाही उघडले नव्हते. असा काही फोटो आहे हे त्यांनाच ठाऊक नव्हतं.

“तुला कसं कळलं गेल्या आठवड्यापर्यंत होता ते? चोराच्या उलट्या बोंबा! तुझ्याकडे चावी आहे खात्याची!”

“ओरडू नका. गिऱ्हाईक आहे बाहेर.”

“बोल आधी.”

ती बाजूला सरली. तिच्या मागे, धुतलेल्या कपड्यांच्या फळीवर, वहीएवढी एक काच उजळलेली होती. त्या काचेत त्यांची बायको हसत होती. आणि मिस्त्री बघत असतानाच तिने डोळे मिटावेत तशी ती नाहीशी झाली.

५

दुसऱ्याच क्षणी तिथे दुसरा फोटो आला. समुद्र, छत्री, लहानपणचा मुलगा.

“चौकट आहे ती,” मेहुणी म्हणाली. “फोटो आपोआप बदलतात. ताईनेच जोडून दिली होती, आजारी पडायच्या आधी. दिवसभर एकटी असतेस, मी बोलत राहीन म्हणाली.” ती पदराने तोंड पुसत होती. “तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही तोडून टाकली असती. मी फक्त बघते हो. काढता मला येतच नाही.”

मिस्त्री स्टुलावर बसले. किती तरी वेळ दोघं त्या काचेकडे बघत राहिली. एकामागून एक फोटो येत होते. बरेचसे मिस्त्रींनी कधी बघितलेच नव्हते.

“चष्म्याशिवाय का होती ती?” शेवटी त्यांनी विचारलं.

“काडी तुटली होती. मीच दुरुस्तीला नेला होता. सोळाला नेला, अठराला परत दिला. सारखी कुरकुरत होती, मला एक अक्षर दिसत नाही म्हणून.”

घरी आल्यावर त्यांनी हे सगळं बाईंना सांगितलं. चष्म्याचं ऐकून बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या.

“सोळा ते अठरा. म्हणजे सतरा तारखेला वहिनींना वाचता येत नव्हतं.”

“मागच्या वर्षीची सतरा ती. त्याचा काय संबंध?”

“या वर्षीच्या सतराला चोरी सुरू झाली. बरोबर एक वर्ष. मला असे योगायोग आवडत नाहीत.” बाई उठल्या. “तुमच्या मुलाला बोलवा. आणि मागच्या वर्षीची तुमची वही काढून ठेवा. आहे ना?”

“वह्या सगळ्या आहेत.”

“वाचल्या नसतीलच.”

मुलगा फोनवर म्हणाला, “बाबा, मला वाटतं मला कळलंय काय आहे ते. पण फोनवर नको. तुम्ही भलतंच काहीतरी दाबाल. शुक्रवारी येतो. तोवर हात लावू नका.” मग म्हणाला, “आणि एक सांगायचंय. ते रुग्णालयातले फोटो काढून टाकावेत असं मला वाटायचं. तुमच्यासाठी. पण मी काढले नाहीत.”

मिस्त्रींनी फोन ठेवला. खरं सांगायचं तर त्यांना मुलाचाच संशय येत होता, आणि पोराने तो आवाजावरून ओळखला होता.

६

शुक्रवारी दुपारी तीन वाजता चौघं टेबलाभोवती होती. मेहुणीलाही बाईंनीच बोलावलं होतं. आकडा दोन हजार आठशे सहावर आला होता.

मुलाने खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन एक यादी उघडली. “हे कुणी बघतच नाही. आपण एखादं ॲप वापरतो, ते विचारतं, तुमच्या खात्यात येऊ का? आपण होय म्हणतो. मग त्याला पासवर्ड लागत नाही. त्याचा पास वेगळा असतो. पासवर्ड बदला, फोन बदला, तो चालूच राहतो. आपण या यादीत येऊन काढेपर्यंत.”

यादीत दोनच नावं होती. पहिलं मेहुणीच्या चौकटीचं. खाली लिहिलं होतं, ‘फक्त पाहू शकते’. दुसरं होतं ‘आवर’. त्याखाली, ‘पाहू शकते, बदलू शकते, काढून टाकू शकते’.

“परवानगी कधी दिली?” बाईंनी विचारलं.

मुलाने बोट ठेवलं. मागच्या वर्षीची सतरा तारीख. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं.

“सतराला मी प्रवासात होतो,” मुलगा म्हणाला. “एकोणीसला पोचलो.” मग तो मेहुणीकडे वळला. “मावशी, तू होतीस ना तिथे?”

“मी सकाळी जायचे. दुपारी दुकान कोण उघडणार? आणि चारला आत एकालाच सोडायचे.”

“आईने स्वतःच दिली असेल.”

“वाचता येत नव्हतं तिला,” मेहुणी म्हणाली.

बाईंनी हात पुढे केला. “मिस्त्री, वही.”

मिस्त्रींनी वही दिली. बाईंनी पान काढलं आणि हजेरी घ्यावी तशा सपाट आवाजात वाचलं. “सतरा. दुपारी तीन ते पाच तिच्याजवळ. तिला काही रेकॉर्ड करायचं होतं, फोन भरला होता. जागा करून दिली. चहाला गेलो. त्यांची लिफ्ट बंद. जिन्याने चार मजले.”

मिस्त्रींनी वही ओढून घेतली. अक्षर त्यांचंच होतं. आणि अक्षराबरोबर सगळं परत आलं. खाटेवर रेललेली ती, डोळे बारीक करून म्हणत होती, अहो बघा ना काय विचारतंय, मला दिसत नाही. लिफ्टच्या विचारात असलेले ते. फोनवर काहीतरी वर आलं, त्यांनी होय दाबलं. परत काहीतरी आलं, होय. तिसऱ्यांदाही होय. झालं गं, झाली जागा.

“मी,” मिस्त्री म्हणाले. “मीच.”

चार दिवस त्यांनी दुकानवाल्याला चोर ठरवलं होतं, मेहुणीला, पोटच्या पोराला. काखेत कळसा म्हणतात, तो असा असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं.

“जाऊ द्या, बाबा,” मुलगा हळू म्हणाला. “आता काढून टाकतो. एक बटण आहे.”

त्याने अंगठा खाली आणला. ‘परवानगी रद्द करा.’

मिस्त्रींनी त्याचं मनगट धरलं. इतक्या जोरात, की पोरगं ओरडलं.

“आत कोण आहे ते बघितलंस का?”

७

“आत? कशाच्या आत?”

“लिफ्टचा पुरवठा तोडायच्या आधी आत कुणी आहे का बघायचं असतं. डबा मजल्यावर आणायचा, दार उघडायचं, माणूस बाहेर काढायचा, मग खटका ओढायचा. माझ्यासमोर एकाने घाईत ओढला होता. दोन मजल्यांच्या मधे एक म्हातारी तीन तास अडकली होती.” ते धापा टाकत होते. “या आवरने फोटो कुठे टाकले? फेकले की ठेवले?”

मुलाने यादी तशीच ठेवून ‘आवर’ उघडलं.

तिथे सगळं लिहिलेलं होतं. मागच्या वर्षीच्या सतराला फोनवरची जागा मोकळी केली, फोटो फक्त खात्यात ठेवले. वर्षभर न उघडलेलं काढा, पुढे बरोबरची खूण. मोजणी परवानगीच्या दिवसापासून. सर्वांत मोठं आधी, खूण. रोज वीस. आणि खाली, ‘काढलेल्या वस्तू तीस दिवस पेटीत राहतील’.

“वर्षभर न उघडलेलं,” मेहुणी पुटपुटली.

म्हणून ते आठ वाचले होते. रोज उघडले जात होते म्हणून. चौकटीत आपोआप सरकणं उघडण्यात धरलं जात नव्हतं. ज्यांच्याकडे बघायचा मिस्त्रींना धीर झाला नव्हता, ते एकेक करून निघून गेले होते.

“मी बटण दाबलं असतं ना,” मुलगा म्हणाला, “तर याला खात्यात येता आलं नसतं. म्हणजे काढायला नाही आणि परत ठेवायलाही नाही. पेटी याच्याकडेच राहिली असती.”

“तीस दिवस कधी संपतात?” बाईंनी विचारलं आणि स्वतःच मोजलं. “पहिली वीस सतराच्या बुधवारची. आज चार-दहाला.”

घड्याळात तीन वाजून छत्तीस मिनिटं झाली होती.

मुलाने पेटी उघडली. सहाशे वस्तू. सगळ्यात वर, सगळ्यात मोठी म्हणून सगळ्यात आधी गेलेली वस्तू फोटो नव्हतीच. ते रेकॉर्डिंग होतं. अकरा मिनिटांचं. तारीख मागच्या वर्षीची सतरा. वेळ चार वाजून तेरा मिनिटं.

“हे काय आहे, बाबा?”

मिस्त्रींनी मान हलवली. त्यांना ठाऊक नव्हतं. तिने कधी सांगितलं नव्हतं. नऊ दिवसांनी ती गेली होती.

मुलाने ‘सगळं परत ठेवा’ दाबलं. एक निळी रेघ हलली, आणि इतकी सावकाश सरकू लागली की मेहुणीने डोळेच मिटून घेतले. बाईंनी मनगटावरचं घड्याळ उपडं ठेवलं, मग राहवेना म्हणून परत सुलटं केलं. तीन वाजून पन्नास. रेघ अर्ध्यावर. चारला ती जागची हलेना.

“अडकली,” मिस्त्री म्हणाले.

“नाही, मोठं रेकॉर्डिंग जातंय. हात लावू नका कुणी.”

चार वाजून सहा मिनिटांनी रेघ भरली. मुलाने आधी खात्यात जाऊन बघितलं. तीन हजार चारशे सहा. मग रेकॉर्डिंगची एक प्रत स्वतःच्या संगणकावर घेतली. ‘आवर’मध्ये जाऊन तिथलं खातं आणि त्याने ठेवलेलं सगळं पुसायला सांगितलं. आणि मग शेवटी यादीत आला.

“बाबा, आता डब्यात कुणी नाही.”

“दोन नावं आहेत. नीट बघून,” मिस्त्री म्हणाले. “चौकटीला हात लावू नकोस.”

मेहुणीने डोळे उघडले.

‘आवर’ यादीतून गेलं. चार वाजून नऊ मिनिटं झाली होती. कुणी हललं नाही. दहा झाले. अकरा झाले. आकडा होता तिथेच राहिला.

“गैरहजर,” बाई म्हणाल्या आणि घड्याळ मनगटावर बांधलं. “पण उद्या चार-दहाला मी पुन्हा येणार. काढलेला माणूस दुसऱ्या दिवशी फाटकावर येतोच एकदा.”

त्या उठायला लागल्या, तर मिस्त्री म्हणाले, “बसा. तुम्हीही ऐका.”

मुलाने रेकॉर्डिंग लावलं. आधी खरखर. मग काहीतरी टेबलावर सरकल्याचा आवाज. आणि मग ती.

“चालू झालं वाटतं. अहो, ऐका. तुम्ही चहाला गेलाय आणि त्यांची लिफ्ट बंद आहे, म्हणजे दहा मिनिटं तरी मिळतील मला. पहिली गोष्ट. आत्ता तुम्ही तीनदा होय दाबलंत आणि एकदाही वाचलं नाहीत. चष्मा नसला तरी एवढं दिसतं मला. ते काय आहे ते घरी आल्यावर मी बघते. तुम्ही हात लावू नका, भलतंच काहीतरी तोडून बसाल.”

मुलगा हसला आणि हसता हसता त्याने तोंडावर हात ठेवला.

“दुसरी गोष्ट. मापं. तुमची मापं माझ्या वहीत नाहीत. मला पाठ आहेत, लिहायची कधी वेळच आली नाही. परवा एकदम मनात आलं, की मी घरी आले नाही तर हा माणूस लांब बाह्यांचे सदरे घालून हिंडेल. लिहून घ्या. गळा साडेपंधरा. छाती चाळीस. बाही तेवीस, पण डावी पाव इंच कमी. पाना उचलून उचलून तो खांदा उतरलाय तुमचा. शिंप्याला सांगा, तो म्हणेल दोन्ही सारख्याच असतात. ऐकू नका त्याचं…”

ती बोलत राहिली. बटणं कुठल्या डब्यात आहेत. धाकटीशी भांडू नका, ती माझ्यासारखीच तोंडाने फटकळ आहे. मशीनला तेल कधी घालायचं. मेहुणी टेबलावर डोकं ठेवून ऐकत होती. मिस्त्री ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. दुमडलेली एक बाही उलगडून बोटांवर आली होती.

मग रेकॉर्डिंगमध्ये दार वाजलं. पावलं. दम लागलेला एक आवाज, मिस्त्रींचाच, वर्षभराने तरुण वाटणारा.

“चार मजले चढून आलो. काय लिफ्ट ठेवतात हे लोक! कुणाशी बोलत होतीस गं?”

“कुणाशी नाही,” ती म्हणाली. “तुमच्याशीच.”

आणि रेकॉर्डिंग थांबलं.

मिस्त्रींनी वही पुढे ओढली, कोरं पान काढलं आणि खिशातली पेन्सिल घेतली. पान कोरंच होतं. ऐकताना त्यांनी एक अक्षर लिहिलं नव्हतं.

“परत लाव,” ते मुलाला म्हणाले. “या वेळी लिहून घेतो.”